फायरमन व्हायचंय? जाहिरात येण्याआधी करायची तयारी

महाराष्ट्रात पोलीस दलासारखं एकच राज्यव्यापी अग्निशमन दल नाही. मुंबईचं दल मुंबई महापालिकेचं, पुण्याचं पुणे महापालिकेचं, लहान शहरातलं नगरपरिषदेचं, औद्योगिक वसाहतीतलं एमआयडीसीचं. राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय आहे, पण भरती ज्याची त्याची. म्हणून वर्षातून एकदा ठरावीक महिन्यात भरती निघेल या आशेवर बसू नका. आसपासच्या चार-पाच महापालिकांच्या आणि नगरपरिषदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पदाचं नावही सगळीकडे सारखं नसतं. कुठे ‘अग्निशामक’, कुठे ‘फायरमन’, पिंपरी-चिंचवडमध्ये ‘अग्निशामक विमोचक’. एकाच नावाने शोधलंत तर अर्ध्या जाहिराती नजरेतून सुटतात.

जाहिरात हातात आली की पगाराचा आकडा नंतर बघा, आधी शैक्षणिक अर्हतेची ओळ नीट वाचा. सगळा घोळ तिथेच होतो. भरतीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात उमेदवार आधीच प्रशिक्षित लागतो, म्हणजे दहावी उत्तीर्ण आणि महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम पूर्ण. राज्यातल्या बऱ्याच महापालिका हीच अट घालतात. दुसऱ्या प्रकारात आधी निवड होते आणि प्रशिक्षण दलच देतं. मुंबई अग्निशमन दलाची २०२३ च्या सुरुवातीला मैदानावर झालेली ९१० पदांची भरती या प्रकारची होती. तिथे बारावीचे गुण आणि मैदान महत्त्वाचं होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. शहरोशहरी ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमाच्या पाट्या दिसतात आणि त्यासाठी घरातली पुंजी मोडली जाते. कारखान्यात सेफ्टीच्या कामाला असा डिप्लोमा चालू शकतो. पण महापालिकेच्या जाहिरातीत अकादमीचा अभ्यासक्रम मागितला असेल, तर कागदपत्र पडताळणीत हा डिप्लोमा बाजूला पडतो आणि मैदान मारलेला मुलगा घरी जातो. पैसे भरण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या दलांच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढा आणि त्यांतलं संस्थेचं नाव अक्षरशः जुळतं का ते बघा. जुळत नसेल, तर ‘समकक्ष आहे’ या तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका.

अकादमी मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरी भागात आहे. अग्निशामक अभ्यासक्रमासाठी मुलांना साधारणपणे उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो आणि छाती न फुगवता ८१, फुगवून ८६ सेंटिमीटर लागते. प्रवेशाची वयोमर्यादा नोकरीच्या वयोमर्यादेपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे ‘आधी पदवी होऊ दे’ म्हणणाऱ्यांची संधी हुकते. अधिकारी व्हायचं असेल, तर पदवीनंतर अकादमीचा उपअधिकारी अभ्यासक्रम किंवा नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय असे दोन रस्ते आहेत. देशातली पहिली महिला फायर इंजिनिअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिनी कान्हेकर याच नागपूरच्या महाविद्यालयातून बाहेर पडल्या.

मोजमाप आणि मैदान

उंचीची अट दलागणिक बदलते. मुंबईच्या त्या भरतीत पुरुषांना १७२ आणि महिलांना १६२ सेंटिमीटर उंची लागत होती. काठावर असाल तर एक साधी गोष्ट लक्षात ठेवा: माणूस सकाळी उठल्यावर जरा उंच असतो, दिवसभर उभं राहिल्यावर मणक्यातल्या चकत्या दबतात आणि सेंटिमीटरभर फरक पडतो. मोजमापाआधी रात्रभर प्रवास करून, फलाटावर उभं राहून जाऊ नका. आदल्या दिवशी पोहोचा आणि आडवे व्हा.

छातीचा पाच सेंटिमीटर फुगवटा बऱ्याच जणांचा हुकतो. छाती लहान म्हणून नव्हे, तर ते पोट आत घेऊन खांदे वर उचलतात म्हणून. खांदे खाली ठेवून बरगड्या बाजूला उघडायच्या असतात. रोज दहा मिनिटं टेप लावून सराव केला की महिन्याभरात फरक दिसतो. डोळे मात्र आत्ताच तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर तो वैद्यकीय तपासणीत अडतो आणि त्यावर सराव हा उपाय नाही. दोन वर्षं तयारीत घालवण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे इशिहाराची, म्हणजे रंग ओळखण्याची, चाचणी करून घ्यावी.

धावण्याची तयारी ८०० मीटर तीन मिनिटांत असं गृहीत धरून करा. म्हणजे दर २०० मीटरला ४५ सेकंद. मैदानावर बहुतेक जण पहिले २०० मीटर ३५ सेकंदांत उडवतात आणि शेवटच्या २०० मध्ये पाय शिशासारखे जड होतात. आठवड्यातून दोन दिवस २०० मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येक ४२ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट विश्रांती. एक दिवस सलग पाच किलोमीटर सावकाश. बारा आठवडे हे नेमाने केलं की तीन मिनिटं आवाक्यात येतात. परीक्षेच्या दिवशी नवे बूट घालू नका.

दोरीवर चढताना मुलं हातांनी ओढत जातात आणि निम्म्यावर थकतात. दोरी पावलांमध्ये घट्ट धरायची, पायांनी अंग वर ढकलायचं, हात फक्त पकड बदलतात. मैदानी चाचणीतला ५० किलोचा पुतळा उचलताना कंबरेतून वाकू नका. बसा, पुतळा खांद्यावर आडवा घ्या, मांड्यांच्या जोरावर उठा. घरी सरावाला सिमेंटचं ५० किलोचं पोतं मिळतं, पण सुरुवात २० किलो वाळूने करा. मुंबईत १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे उडी झेलणाऱ्या ताणलेल्या कापडात, उडी होती. त्यात उभं उतरलात तर घोटा मुरगळतो. हनुवटी छातीला, हात छातीशी, पाय पुढे, आणि बसल्यासारखं पाठीवर पडायचं. हा सराव गच्चीवरून गाद्यांवर करायचा नाही, जाणकार प्रशिक्षक आणि खरी शीट असेल तिथेच करायचा.

कागद

जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असल्यास जात वैधता आणि नॉन क्रीमी लेयर, एमएससीआयटी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला वेळ लागतो, तो अर्ज जाहिरातीची वाट न बघता करून टाका. नॉन क्रीमी लेयरची मुदत कधी संपते ते आजच दाखल्यावर बघा, कारण जाहिरातीत दिलेल्या तारखेला तो वैध असावा लागतो. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर अपात्रता येते. खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांच्यासाठी समांतर आरक्षण असतं. त्याचे दाखले अर्ज भरतानाच हातात हवेत.

चालक-यंत्रचालकाचं पद वेगळं. त्याला जड वाहनाचा परवाना आणि अनुभव लागतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी या पदाचा जरूर विचार करावा. ४५०० लिटरच्या बंबात साडेचार टन पाणी असतं. टाकी अर्धी असली की ब्रेक लावताच पाणी पुढे धडकतं आणि गाडी ढकलली जाते. रिकामा ट्रक चालवण्याची सवय इथे कामाची नाही.

प्रशिक्षणात काय शिकवतात

पहिले काही आठवडे परेड आणि होजची, म्हणजे पाण्याच्या लवचिक नळीची, कवायत. कंटाळवाणी वाटते, पण तिच्यावर सगळं उभं आहे. ६३ मिलिमीटरचा १५ मीटर होज पाण्याने भरला की आत जवळपास ४७ लिटर पाणी असतं, म्हणजे तितकेच किलो. भरलेली लाइन तीन मजले ओढत नेणं आणि रिकामी नेऊन वर भरणं, यातला फरक अंगाला कळतो. एका ब्रँचमधून, म्हणजे होजच्या तोंडाच्या फवारणीतून, मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी जातं असं धरलं, तर ४५०० लिटरचा बंब दहा मिनिटांत रिकामा होतो. म्हणून पोहोचल्याबरोबर एक जण पुढच्या पाण्याची सोय बघायला पळतो.

श्वसनयंत्राचं गणित तोंडपाठ हवं. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबापर्यंत भरला की १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, त्यातली दहा सुरक्षित परतीची. पण जिना चढताना, माणूस ओढताना हवा दुप्पट लागते आणि ४५ ची २२ मिनिटं होतात. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५० ते ५५ बारला वाजते. ती निघण्याची आठवण नव्हे, तोवर तुम्ही दारात असायला हवं. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हवा निसटते आणि धूर आत येऊ शकतो. दलात रोज दाढी करायला लावतात त्यामागे शिस्तीइतकंच हेही कारण आहे.

गाठींमध्ये क्लोव्ह हिच, बोलाइन आणि चेअर नॉट डोळे मिटून, हातमोजे घालून जमायला हव्यात. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो.

आगीइतकीच इमारत वाचायला शिका. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासमधल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई दलाने आपले चार अधिकारी गमावले. जुन्या इमारतीत लाकडी तुळया जळत असतात, वर ओतलेलं पाणी मजल्यावर साचून वजन वाढतं. रुंदावणारी भेग, भिंतीतून येणारी करकर, झडणारा गिलावा, फुगलेली भिंत यांतलं काहीही दिसलं तर वरिष्ठांना तत्काळ सांगायचं, मग ते शिकाऊ जवानाने सांगितलेलं का असेना.

आणि वर्दी, म्हणजे दलाला येणारी मदतीची हाक, फक्त आगीची नसते. पावसाळ्यात पडलेली झाडं, विहिरीत पडलेली जनावरं, मांज्यात अडकलेले पक्षी, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेला कामगार. चेंबरच्या वर्दीत श्वसनयंत्र आणि जीवनदोरीशिवाय एक पायरीही उतरायचं नाही. पहिल्याला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा अशी माणसं तिथे जीव गमावतात.

नोकरी सांभाळून काम करायचं असेल तर

पगारी अर्धवेळ फायरमन ही पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. पण तीन दारं उघडी आहेत. होमगार्डमध्ये दहावी उत्तीर्ण, वय २० ते ५०, पुरुषांना १६२ आणि महिलांना १५० सेंटिमीटर उंची लागते. पुरुषांची १६०० मीटर, महिलांची ८०० मीटर धाव असते. बोलावलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकसारख्या शहरांत नागरी संरक्षण दल स्वयंसेवक घेतं आणि आग विझवण्याचं प्राथमिक शिक्षण देतं. ‘आपदा मित्र’ योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी.

खेड्यात बंब तालुक्याहून येतो, तोवरची वेळ गावाचीच. पाच-सहा जणांचा गट करून आधी एवढं ठरवा: बंब कुठल्या विहिरीपर्यंत किंवा तळ्यापर्यंत जाऊ शकतो आणि पंपापासून पाणी किती खाली आहे. सात मीटरच्या खाली पाणी असेल तर बंबाचा पंप ते भरवशाने ओढू शकत नाही, मग गावच्या मोटारीने टाकी भरण्याची सोय हवी. महावितरणच्या वायरमनचा नंबर गटातल्या प्रत्येकाकडे हवा, कारण तारा चालू असताना पाणी मारायचं नाही. उसाला आग लागली तर ज्वाळेच्या मागे धावू नका. वारा ज्या दिशेने जातोय तिकडे पुरेसं अंतर सोडून पट्टा तोडा आणि पाचट बाजूला ओढा. कडब्याची गंजी वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत असते. ती दाताळ्याने उसकटून, पसरून, प्रत्येक थर भिजवावा लागतो, नाहीतर रात्री पुन्हा पेटते.