लहान व्यवसायासाठी सर्व्हरचे सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्री असो, रविवार पेठेतील घाऊक दुकान असो किंवा निपाणीतील तंबाखूची वखार असो, सर्व्हर (सगळ्यांची माहिती ठेवणारा मुख्य संगणक) घ्यायचे ठरले की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विंडोज टाकू की लिनक्स? माझ्या मते हा प्रश्न चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकावर यायला हवा. मी पहिल्या भेटीत संगणक उघडत नाही. वहीचे एक पान घेतो आणि त्यावर चार गोष्टी लिहून घेतो: एकाच वेळी किती जण काम करणार, हिशेबाचे आणि कामकाजाचे सॉफ्टवेअर कोणते, ते एक दिवस बंद पडले तर काय अडेल आणि बंद पडल्यावर तासाभरात येऊन कोण पाहणार. हे पान भरले की निम्मी निवड आपोआप होते. ज्यांना हे पान भरण्याइतका धीर नसतो, त्यांच्याकडे वर्षभरात मला पुन्हा जावे लागते.

फुकट डेटाबेसची मर्यादा न पाहणे

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली आणि सर्वांत महागात पडलेली चूक हीच आहे. आपल्याकडील बरीच तयार सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या (माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात. ती आवृत्ती विनामूल्य आहे, व्यवसायात वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि लहान कामासाठी चांगलीही आहे. परंतु २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसची फाइल १० जीबीच्या पुढे वाढू शकत नाही. २०२५ च्या आवृत्तीत ही मर्यादा ५० जीबी झाली असली, तरी जुनी सॉफ्टवेअर बसवणारे आजही जुनीच आवृत्ती बसवून जातात.

उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी अचानक नवे आवक चलन जतन होईना. जुनी चलने दिसत होती, अहवाल छापले जात होते, फक्त नवीन काही लिहिले जात नव्हते. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने आधी सर्व्हर बंद करून सुरू केला, मग अँटिव्हायरस काढला, मग नेटवर्कचा स्विच बदलला. डिस्कवर ३०० जीबीहून अधिक जागा मोकळी होती, त्यामुळे जागा संपली असेल अशी शंका कोणाला आलीच नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, तेव्हा कास्टिंग घेऊन आलेला टेम्पो फाटकात उभा होता आणि स्टोअरकीपर काका दोन दिवसांची चलने रजिस्टरमध्ये हाताने लिहीत होते. मी डेटाबेसच्या फाइलचा आकार पाहिला. तो बरोबर १०,२४० एमबी होता. पडद्यावर येणाऱ्या संदेशातही मुख्य फाइलगट (डेटाबेसच्या फाइलींचा गट) भरल्याचे स्पष्ट लिहिले होते, पण तो संदेश शेवटपर्यंत कोणी वाचला नव्हता. चूक दाखवणारा संदेश आला की बटण दाबून तो घालवून टाकण्याची घाई नवशिक्यांनी सोडली, तर माझ्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

एवढी जागा गेली कशात? तपासणीच्या वेळी काढलेले कास्टिंगचे फोटो आणि स्कॅन केलेली ड्रॉइंग ते सॉफ्टवेअर थेट डेटाबेसमध्ये साठवत होते. मालकांना सशुल्क आवृत्तीचा मोठा आकडा आधीच सांगितला गेला होता. त्याची गरज नव्हती. आधी पूर्ण बॅकअप घेतला, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना बोलावून तीन वर्षांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायला लावले आणि डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा पत्ता ठेवला. फोटो निघाल्यावर फाइलच्या आत जागा मोकळी झाली आणि त्याच संध्याकाळी चलने सुरू झाली. अशा वेळी फाइल आक्रसून लहान करण्याचा खटाटोप अनेक जण करतात, तो मी करत नाही, कारण आत मोकळी झालेली जागा डेटाबेस स्वतःच पुन्हा वापरतो.

तेव्हापासून सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी मी विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारायला सांगतो: डेटाबेस कोणता आणि त्याची कोणती आवृत्ती, आणि फोटो व कागदपत्रे कुठे साठतात? उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये. विक्रेता पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर चालणारे सॉफ्टवेअर देत असेल, तर आकाराची अशी अट तिथे नाही. माझ्या सर्व ग्राहकांच्या डेटाबेसचा आकार मी दरवर्षी पाडव्याला वहीत लिहितो, म्हणजे वाढ किती झाली ते मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारीच दिसते.

याच आवृत्तीबाबत आणखी एक गोष्ट लोक विसरतात. एक्सप्रेसमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप कामे करणारा एजंट नसतो. म्हणजे बॅकअपचे वेळापत्रक आपण विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून लावले नाही, तर बॅकअप होतच नाही, आणि तसे कोणी सांगतही नाही.

साध्या विंडोजलाच सर्व्हर म्हणणे

टेबलावरच्या साध्या विंडोज संगणकावर फोल्डर शेअर केला की सर्व्हर झाला, असे समजणारे पुष्कळ आहेत. पाच-सहा जणांच्या दुकानात हे चालते आणि मी ते चालू देतो. मात्र विंडोज १० आणि ११ मध्ये अशा वाटपाची मर्यादा २० उपकरणांची आहे, आणि त्यात बिलाच्या संगणकांबरोबर इतर उपकरणेही मोजली जातात. शिवाय विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही अनेकांच्या गावी नाही. विंडोज सर्व्हर घ्यायचा ठरला, तर मूळ परवान्याखेरीज प्रत्येक वापरणाऱ्यासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी वेगळा प्रवेश परवाना लागतो. कोटेशनमध्ये तो धरला आहे का, हे आधी पाहावे.

चोरीचे विंडोज सर्व्हरवर टाकू नये. ते सक्रिय करण्यासाठी उतरवलेल्या फुकट प्रोग्रामबरोबर काय आत येते, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि त्याच यंत्रावर तुमचा सगळा हिशेब असतो.

एकाच माणसाला कळेल असे काहीतरी बसवणे

या चुकीविषयी मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण ती बहुधा चांगल्या हेतूने झालेली असते. शहापुरातील एका साडी व्यापाऱ्यांकडे नात्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने २०२० साली लिनक्सचा सर्व्हर उभा केला. त्याने सेंटओएस ८ हा लिनक्सचा प्रकार निवडला, आणि त्या वेळी ती निवड चुकीची नव्हती, कारण त्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार (म्हणजे सुरक्षा अद्यतने) मिळेल असे सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत अलीकडे आणली गेली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला आधार संपला. तोवर मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला होता. सर्व्हर विनातक्रार चालत राहिला, म्हणून त्याकडे कोणी पाहिलेच नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात तो बंद पडला. दोन्हींवर तीच माहिती लिहिणारी दोन डिस्कची जोडी होती. त्यातली एक केव्हाच निकामी झाली होती आणि आता दुसरीही गेली. रोज रात्री बॅकअप होत होता, पण त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये. मुख्य पासवर्ड मुलाच्या डोक्यात होता आणि त्यालाही तो नीट आठवेना. शेवटी हिशेबनिसाच्या लॅपटॉपवर चार महिन्यांपूर्वीची एक प्रत सापडली. मधली सगळी बिले कार्बन प्रतींवरून पुन्हा चढवावी लागली. त्या घरातील दोन सुना आणि हिशेबनीस मिळून तीन आठवडे रात्री दहापर्यंत बसत होते. ते दृश्य पाहिल्यापासून जोडीच्या डिस्कला कोणी बॅकअप म्हटले की मी लगेच थांबवतो. डिस्कची जोडी यंत्र चालू ठेवते. पुसलेले बिल ती परत देत नाही.

लिनक्स वाईट आहे असा याचा अर्थ नाही. माझ्याकडील अर्धे सर्व्हर डेबियनवर किंवा उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर चालतात. उबंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे मोफत सुरक्षा अद्यतने मिळतात. आधार संपण्याची तारीख मी कागदावर लिहून सर्व्हरच्या पेटीवर चिकटवतो. पण हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असेल आणि गावात लिनक्स जाणणारा दुसरा माणूस नसेल, तर मी लिनक्सचा आग्रह धरत नाही. खानापूरच्या पुढे, जिथे पावसात तंत्रज्ञ पोहोचायला अर्धा दिवस लागतो, तिथे तर मुळीच नाही.

बॅकअप परत चढवण्याची कृती मी मराठीत, एका पानावर, क्रमांक घालून लिहितो. नंतर दुकानातल्याच कोणाला तरी ते पान वाचून जुन्या संगणकावर बॅकअप चढवायला सांगतो आणि मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. तो अडला तर पान अपुरे आहे, असे समजून मी पान सुधारतो. पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत जातात.

मराठी आणि कन्नड नावे तपासून न पाहणे

आपल्या भागात एकाच यादीत मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांतील नावे असतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती विशिष्ट फाँट वापरून टंकलेली असतात. फाँट बदलला की नुसती विचित्र चिन्हे उरतात आणि शोध तर लागतच नाही. डेटाबेस आणि सॉफ्टवेअर, दोन्ही युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची एकच पद्धत) जपणारे हवेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकान्याचा प्रकार चुकला, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग जतन होते आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ मांडणी लॅटिन अक्षरांची असे, त्यामुळे जुना सर्व्हर हलवताना हे आवर्जून पाहावे लागते. विकत घेण्याआधी एक मराठी आणि एक कन्नड नाव चढवावे, शोधावे, छापावे आणि बॅकअपमधून परत आणून पुन्हा वाचावे. दहा मिनिटांचे काम आहे.

आणखी काही, थोडक्यात

घरून काम करता यावे म्हणून विंडोजचा ३३८९ हा पोर्ट (दुरून संगणक चालवण्याचे प्रवेशद्वार) थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी मार्ग) वापरावा.

यूपीएस घेताना वीज गेल्याचा संदेश यूएसबी तारेने सर्व्हरला देणारा घ्यावा आणि त्या संदेशावर सर्व्हर नीट बंद होतो का, ते भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे.

सगळे क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) नेण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. दोन वेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट असेल तर तो विचार करण्याजोगा आहे, परंतु बिलाचे काउंटर एकाच तारेवर अवलंबून ठेवणे मला पटत नाही.

व्यवसाय खासगी मर्यादित कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे आणि हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो. निवड पक्की करण्याआधी आपल्या सीएंना सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती कळवावी. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात, म्हणून जुना सर्व्हर भंगारात देण्यापूर्वी त्यातला हिशेब नव्या यंत्रावर उघडून, एखादे जुने बिल छापून पाहावे.