रेशमावर हाताने रंगवायचंय? मग आधी रेघ पक्की करा

एकदम साडीला हात घालू नका, स्कार्फएवढा तुकडा पुरे. दुकानात पांढरं चायना सिल्क मागा, पातळ आणि गुळगुळीत मिळतं. त्याला खळ असू शकते म्हणून कोमट पाण्यात थोडा शॅम्पू टाकून धुवा आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवा. रंग मात्र सिल्कचेच घ्या हं, नेहमीचे जाड फॅब्रिक कलर वर थर धरतात, कापड कडक होतं, मग रेशीम घेतलं कशाला?

कापड लाकडी फ्रेमवर ढोलकीसारखं ताणून टाचण्या लावा, खाली टेबलाला टेकता कामा नये.

आता खरं काम, गुट्टा, म्हणजे रंग अडवणारा दाटसर द्रव! बारीक तोंडाच्या बाटलीतून याने डिझाइनची रेघ काढायची, ती सुकली की रंगाला अडवते. कमळाची पाकळी काढलीत तर रेघ पूर्ण बंद झाली पाहिजे, केसाएवढी फट राहिली तरी रंग शेजारी पळतो. फ्रेम उजेडात धरून मागून बघा, रेघ आरपार दिसली नाही तर मागूनही त्याच रेघेवर गुट्टा फिरवा. पावसाळ्यात आपल्या ठाण्यात हवा एवढी दमट असते की गुट्टा लवकर सुकतच नाही, पंख्याखाली ठेवा आणि बोट लावून खात्री झाल्याशिवाय रंग उघडू नका.

रंग भरताना ब्रश रेघेजवळ नेऊ नका, मधे टेकवा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो, ते बघायला फार छान वाटतं. मोठं बॅकग्राउंड मात्र एका दमात संपवायचं, मधेच थांबलात तर सुकलेल्या कडेचा डाग कायमचा राहतो. रंग ओला चमकत असतानाच वर थोडं खडेमीठ टाका (जांभळी नाक्याला कुठल्याही किराणा दुकानात मिळेल), मीठ पाणी ओढतं, सोबत रंगही सरकतो आणि फुलासारखी नक्षी उमटते. पूर्ण सुकल्यावरच झटका.

शेवटी रंग पक्का करणं. बाटलीवरच्या सूचना वाचा. इस्त्रीने पक्के होणारे असतील तर उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून इस्त्री करा. वाफेने पक्के होणारे असतील तर न छापलेल्या कागदात गुंडाळून वाफवा, पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका, आणि ते भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका. मग गार पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून हलक्या हाताने खळबळा. पाण्यात विरघळणारा गुट्टा असेल तर याच वेळी निघून जातो आणि पांढरी रेघ उरते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा.