भेट म्हणून बायबल घेताय? आधी अनुक्रमणिका उघडा

गोव्यात शेजारच्या कॅथलिक घरात लग्न किंवा बारसं असलं की बायबल भेट द्यावंसं वाटतं. दुकानात मात्र मुखपृष्ठ पाहून फसायला होतं, कारण कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६. मराठीत सहज मिळणारी प्रत बहुधा ६६ची. वाचायला काहीच हरकत नाही, पण शेजारच्या आजीला तोबित या पुस्तकातली गोष्ट शोधूनही सापडायची नाही, कारण ते कॅथलिक आवृत्तीतच असतं.

पानं मोजत बसू नका. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तोबित आणि मक्काबी या पुस्तकांची नावं आहेत का, एवढं बघा. तरीही शंका असेल तर दानीएलचं पुस्तक उघडा. १२ अध्यायांवर संपलं तर प्रोटेस्टंट, १४ असतील तर कॅथलिक. सुझानाची गोष्ट त्या तेराव्यातच येते. शीर्षकपानामागे बिशपांची छापील अनुमती असेल तर प्रश्नच मिटला.

स्तोत्रांच्या क्रमांकाचा घोळ वेगळाच. मेंढपाळाचं प्रसिद्ध स्तोत्र हल्ली २३वं असतं, लॅटिन परंपरेच्या जुन्या प्रतींत २२वं. म्हणजे छपाईची चूक नव्हे.

आणि कोंकणी प्रत घेणार असाल तर लिपी आधी विचारा. देवनागरी आपल्याला सोयीची, पण चर्चला जाणारी बहुतेक वडीलधारी मंडळी रोमीच, म्हणजे रोमन लिपीच, वाचतात. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं १६१६चं ‘ख्रिस्तपुराण’ कुणी ‘मराठी बायबल’ म्हणून पुढे केलं, तर ते ओवीबद्ध काव्य आहे, भाषांतर नव्हे. स्वतःसाठी मात्र जरूर घ्या.