ओव्हनमध्ये रताळ्याच्या कुरकुरीत फ्राईज, सोबत दाण्या-दह्याचं डिप

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही बाजारात जा, रताळ्यांचे ढीग लागलेले असतात. घरी आणल्यावर त्यांचं काय करायचं तेही ठरलेलं: उकडायची, किसायची, नाहीतर तूप-गुळातल्या गोड काचऱ्या. मोठी माणसं आवडीने खातात, पोरं उकडलेल्या रताळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्यासाठी, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ करताना निदान तेल तरी कमी जावं अशी इच्छा असलेल्यांसाठी, हा प्रकार.

आधीच सांगून टाकते, तळलेल्याची सर भाजलेल्याला येत नाही. पण रताळ्यातलं पाणी वेळेवर बाहेर काढलं तर फ्राईज बाहेरून चांगल्या कुरकुरीत आणि आतून मऊ होतात. बहुतेकांच्या लिबलिबीत होतात त्या पाण्यामुळेच. म्हणून खालची निम्मी कृती पाण्याशी भांडण्याची आहे.

रताळी निवडताना

आपल्याकडे जास्त करून मिळतात ती लाल सालीची, आतून पांढरी रताळी. या कामाला तीच बरी. त्यांच्यात पाणी कमी आणि पिठूळपणा जास्त असतो. मॉलमधली केशरी गराची रताळी दिसायला छान, त्यांच्यात बीटा-कॅरोटीनही भरपूर, पण ती ओलसर असल्यामुळे लवकर मऊ पडतात. तीच हाताशी असतील तर थोड्या पातळ फोडी करा.

शक्यतो माती लागलेली, ताजी रताळी घ्या. रताळं जितके दिवस घरात राहतं तितकं गोड होत जातं. खायला ते चांगलं, पण फ्राईजमध्ये ही साखर आधी काळी पडते आणि आतला भाग कच्चा असतानाच कडा करपतात. एक-दोन दिवस ठेवायची असतील तर टोपलीत, हवेशीर जागी. फ्रिजमध्ये मुळीच नको, थंडीने आतला गाभा टणक होतो आणि शिजवला तरी नीट मऊ होत नाही.

चार जणांच्या खाण्यासाठी अर्धा किलो रताळी, दीड मोठा चमचा शेंगदाणा तेल आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लागेल. उपवासाला कॉर्नफ्लोअरच्या जागी शिंगाड्याचं पीठ घ्या. साबुदाण्याचं बारीक पीठही चालतं. उपवास नसेल तर तांदळाची पिठी सगळ्यात कुरकुरीत.

चिरणं आणि भिजवणं

साल काढा किंवा नुसती घासून धुवा, दोन्ही चालतं. साल ठेवली तर थोडा चोथा जास्त पोटात जातो. रताळं गोल असतं आणि सुरीखाली घरंगळतं, त्यामुळे आधी एका बाजूची पातळ चकती काढून सपाट बूड करून घ्या. मग लांब काप, आणि कापांच्या सेंटीमीटरभर जाडीच्या काड्या. इथे घाई नको. एक काडी करंगळीएवढी आणि दुसरी अंगठ्याएवढी असली तर एक करपणार आणि एक कच्ची राहणार, हे ठरलेलंच.

चिरताना रताळ्याचा पांढरा चीक सुटतो आणि हवेत काड्या काळ्या पडतात, म्हणून चिरली की लगेच गार पाण्यात टाका. अर्धा ते एक तास राहू द्या. पाणी दुधट होईल. तो वरचा स्टार्च. तो राहिला तर काड्या एकमेकींना चिकटतात आणि रंग नीट येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी निथळून काड्या जुन्या सुती धोतराच्या फडक्यावर पसरा, वरून दुसऱ्या फडक्याने टिपा आणि पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हाताला अजिबात ओल लागता कामा नये. हिवाळ्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे काम लवकर होतं. आषाढी एकादशीच्या दमट दिवसांत जरा जास्त वेळ द्या.

भाजणं

ओव्हन 220 अंशांवर, वरचा-खालचा असे दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं आधीच तापत ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल तर अजून पाच-सात मिनिटं. ही भट्टी तापलेली असणं का गरजेचं, ते सांगते. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान स्टार्चची साखर करतं. हळूहळू तापलेलं रताळं म्हणूनच इतकं गोड लागतं. चुलीच्या राखेत पुरलेल्या रताळ्याची गोडी त्यातूनच येते. आपल्याला इथे उलट हवंय. तो टप्पा चटकन ओलांडला की गोडी बेताची राहते आणि सालपट लवकर धरतं.

कोरड्या काड्या परातीत घ्या. आधी पीठ भुरभुरा आणि हाताने वरखाली करा, प्रत्येक काडीवर पांढरी धूळ बसल्यासारखी दिसली पाहिजे. मगच तेल. क्रम उलटा केलात तर पिठाच्या गुठळ्या होतात. मीठ आत्ता नाही. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं आणि आपण केलेली सगळी मेहनत वाया जाते.

ट्रेला तेलाचा हात लावा किंवा बेकिंगचा पार्चमेंट पेपर घाला. तो किती तापमान सोसतो ते खोक्यावर छापलेलं असतं, ते बघून घ्या. काड्या एकाच थरात, प्रत्येकीच्या बाजूला बोटभर जागा सोडून मांडा. लहान ओव्हनमध्ये अर्धा किलो एका वेळी मावत नाही, दोन घाणे करा. गर्दी झाली की त्या आपल्याच वाफेत शिजतात, भाजत नाहीत.

पंधरा मिनिटांनी ट्रे बाहेर काढा, चिमट्याने काड्या उलटा, पुन्हा आठ ते बारा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका. कडा बदामी झाल्या, टोकं किंचित आकसली आणि चिमट्याने उचलल्यावर काडी वाकली नाही, की झालं. गडद तपकिरी होईपर्यंत थांबू नका. पिठूळ पदार्थ फार भाजले की त्यात अॅक्रिलामाइड नावाचं, तब्येतीला बरं नसलेलं रसायन वाढतं, आणि चवही कडवट होते. ओव्हन बंद करून दार अर्धवट उघडं ठेवा आणि पाच मिनिटं आतच राहू द्या. उरलेली वाफ निघून जाते.

एअर फ्रायर असेल तर 190 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं, मध्ये दोनदा टोपली हलवून. नुसत्या मायक्रोवेव्हच्या नादाला लागू नका, उकडलेलं रताळं मिळेल.

मीठ आता घाला, गरम असतानाच. उपवास असेल तर सैंधव आणि जिरेपूड. एरवी मी वरून चिमूटभर खान्देशी काळा मसाला आणि नंदुरबारची लाल मिरची टाकते. रताळ्याच्या गोडीवर तो खमंग तिखटपणा असा काही बसतो की सॉसची बाटली कुणी मागत नाही. मसाला भाजण्याआधी घालू नका, जळतो.

डिप

मेयोनीजमध्ये तेलच तेल. त्यापेक्षा आपला दाण्या-दह्याचा ठेचा बरा. 400 ग्रॅम दही फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगून ठेवा, घट्ट चक्का मिळेल. गाळलेलं पाणी टाकू नका, भाकरीचं पीठ मळायला वापरा. दोन-तीन हिरव्या मिरच्या तव्यावर काळे ठिपके येईपर्यंत भाजा. खलबत्त्यात मिरच्या, अर्धा चमचा जिरं, मीठ आणि मूठभर भाजलेले, साल काढलेले दाणे ठेचा. जाडसरच ठेवा, दाण्याचा कण दाताखाली आला पाहिजे. मिक्सरला लावला तर तेल सुटून लगदा होतो. हा ठेचा चक्क्यात कालवा, वर अर्धं लिंबू. उपवास नसेल तर मिरच्यांबरोबर चार लसूण पाकळ्याही भाजून घ्या.

हिवाळ्यात भरीत पार्टी झाली की त्यातलं भाजलेल्या वांग्याचं दोन चमचे गर बाजूला काढा आणि याच चक्क्यात लसूण-मिरचीबरोबर घोटा. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा धुरकट वास या डिपला फार शोभतो. हे मात्र उपवासाला चालणार नाही.

मधुमेह असेल तर एक लक्षात ठेवा: भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर चढते. ताटलीभर नको, मूठभर खा, आणि डिप भरपूर घ्या. दही-दाण्यांतल्या प्रथिनांमुळे चढण जरा सावकाश होते.

फ्राईज झाल्या की लगेच वाढा, झाकून ठेवू नका, डब्यात तर नकोच. उरल्याच तर दुसऱ्या दिवशी 200 अंशांवर पाच मिनिटं पुन्हा गरम करा. डिप फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, पण दुसऱ्या दिवशी मिरची जास्त लागते, तेव्हा पोरांसाठी त्यात आणखी चमचाभर दही घाला.