रीसिंक झालं म्हणजे ड्राइव्ह भरली असं नाही

सांगलीत सर्व्हरचं काम करायचं म्हणजे दिवसा टॅलीची तक्रार, संध्याकाळी सीसीटीव्ही, आणि मधेच कधीतरी खरा सर्व्हर. माझ्या वाट्याला तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आला. कुपवाड एमआयडीसीतला एक कारखाना, पोस्टग्रेस डेटाबेसवर चालणारी त्यांची बिलिंग सिस्टीम, आणि 1.92 टीबीच्या चार एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे वेगवान एसएसडी. मी त्यांचा एमडी रेड फाइव्ह बांधला (लिनक्समधलं रेड: ड्राइव्ह जोडून एक मोठी करायची, एक मेली तरी डेटा वाचतो), फायो हे वेग मोजायचं टूल चालवलं, आकडे काढले. ते आकडे साफ खोटे होते.

फायो काय, डायरेक्ट=1 का लावायचं (रॅमची कॅशे टाळून थेट ड्राइव्ह मोजायला), डीडी या साध्या कॉपीच्या कमांडनं रेड मोजू नये, हे तुम्हाला माहीत असणार. मलाही होतं. मी इतका शहाणा, की रीसिंक, म्हणजे नव्या रेडच्या ड्राइव्ह एकमेकींशी जुळवायचं काम, चालू असताना मोजायचं नाही हेही पाळलं. एमडीचा रीसिंक ठरलेल्या सेटिंगला सेकंदाला 200 एमबीच्या वर जात नाही. 1.92 टीबीला पावणेतीन तास लागतात. तेवढा वेळ मी प्रॉक-एमडीस्टॅट ही रेडची हालत दाखवणारी फाइल बघत बसून राहिलो. मग साठ-साठ सेकंदांच्या टेस्ट मारल्या. रँडम रीड तर असे आले की साहेबांनी आकडा बोर्डावर लिहून ठेवला.

महिन्याभरात रड सुरू झाली. दुपारी चारला गाड्या भरायच्या वेळी बिलाची स्क्रीन गोल-गोल फिरायची. आयओस्टॅट या ड्राइव्हवरचं काम दाखवणाऱ्या कमांडमध्ये राइटचा वेटिंग टाइम चढलेला. मी शेड्युलर बदलला, नेटवरच्या सिसकंट्रोलच्या (कर्नल सेटिंगच्या) ओळी चिकटवल्या, दोन वेळा रीबूट केलं. फरक शून्य. (त्या ओळी चिकटवणाऱ्यांवर माझा आजही राग आहे. तुमचं लोड काय, हे न विचारता जो सेटिंग देतो, त्याच्याकडून चहा घ्या, सेटिंग घेऊ नका.)

शेवटी मिरजेच्या एका सरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "मोजायच्या आधी ड्राइव्हवर काय लिहिलं होतंस?"

"रीसिंक पूर्ण झालं होतं, सर."

"कुठल्या ड्राइव्हवर?"

मी गप्प. माझ्या पहिल्या दिवशीच्या लॉगमध्ये चारही ड्राइव्हचा स्मार्ट आउटपुट (ड्राइव्ह स्वतःची ठेवते ती नोंद) पडून होता, रीसिंक संपल्यावर आणि टेस्टच्या आधी घेतलेला. उघडून बघितला. 'डेटा युनिट्स रिटन', म्हणजे आजवर किती लिहिलं, या ओळीत एक युनिट म्हणजे 5,12,000 बाइट. चौथ्या ड्राइव्हवर साडेसदतीस लाखांच्या आसपास युनिट, म्हणजे पुरते 1.92 टीबी. बाकीच्या तिघींवर नावाला काहीतरी.

हा सापळा सावकाश सांगतो, कारण मी यातच अडकलो. एमडीअॅडम या रेड बांधायच्या कमांडनं नवा रेड फाइव्ह बांधला की तो शेवटची ड्राइव्ह स्पेअर (राखीव) धरतो आणि बाकीच्या वाचून तिच्यावर रीबिल्ड करतो. एमडीस्टॅटमध्ये सुरुवातीला तीन यू (चालू ड्राइव्ह) आणि एक अंडरस्कोर (अजून न जुळलेली) दिसतो, तो याचाच. म्हणजे चारातल्या तीन ड्राइव्ह नुसत्या वाचल्या जातात, त्यांच्यावर काही लिहिलं जात नाही. आणि कोऱ्या एसएसडीला कोरी जागा वाचायला सांगितली, तर कंट्रोलरला ठाऊक असतं की तिथं काही नाही. तो फ्लॅशला हातही न लावता शून्यं परत देतो. बोर्डावरचा तो रीडचा आकडा म्हणजे बहुतेक शून्यं पाठवायचा वेग होता.

राइटचं दुखणं निराळं. आमच्या हरिपुरात हळद पेवात ठेवायचे. आजोबा सांगायचे, पेव उघडलं की ते पुरतं रिकामं करायचं, दोन पोती काढून पुन्हा लिंपायचं नाही. फ्लॅशचं तसंच आहे. लिहायचं लहान पेजमध्ये, पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक. ड्राइव्ह नवी असताना रिकामी पेवं भरपूर असतात, म्हणून ती पळते. सगळी एकदा भरली की प्रत्येक नव्या पोत्यासाठी आधी जुनं पेव उपसावं लागतं, त्यातली चांगली हळद दुसरीकडं हलवावी लागते, मग जागा होते. आमच्याकडं रोज रात्री 300 जीबीचा बॅकअप त्याच अॅरेवर पडायचा, चौदा दिवसांनी पुसला जायचा. महिन्यात ड्राइव्ह भरल्यासारख्या झाल्या. फाइल पुसली तरी त्यांना कळत नव्हतं, कारण एमडी रेड फाइव्हवर डिस्कार्ड (ही जागा आता रिकामी, असा ड्राइव्हला निरोप) मुद्दाम चालू केल्याशिवाय खाली पोहोचत नाही. पहिल्या दिवसाचा वेग परत येणारच नव्हता.

मग मोजायचं कसं? अॅरे तयार झाला की डेटा टाकायच्या आधी सबंध एमडी डिव्हाइसवर 128 केबीच्या ब्लॉकनं सलग लिहा, दोन वेळा. स्निया या संस्थेच्या टेस्टच्या पद्धतीतही ड्राइव्हच्या क्षमतेच्या दुप्पट लिहायला सांगितलंय. त्यानंतर तुमच्या खऱ्या लोडसारखं रँडम राइट तासन् तास चालवा, आकडा खाली उतरून सपाट होईपर्यंत. पोस्टग्रेसचं पेज 8 केबी, म्हणून मी 8 केबी घेतो. पहिल्या अर्ध्या तासाचे आकडे कितीही गोड वाटले तरी फेकून द्या.

घाबरू नका, हे रात्रभर आपलं आपण चालतं. तुम्ही घरी जा, भडंग खा, झोपा. फक्त डिव्हाइसचं नाव तीनदा वाचा. एका चुकीच्या अक्षरानं चालू डेटाबेस शून्य होतो, तिथं कुणाची दया नाही.

वेळ वाचवायला कोणी अझ्युम-क्लीन, म्हणजे रीसिंक न करता सगळं जुळलंय असं धरायचा पर्याय, सुचवेल. रेड फाइव्हवर हे करू नका. पॅरिटी (मेलेल्या ड्राइव्हचा डेटा परत काढायचा हिशेब) आधीपासून चुकीची असेल, तर पहिली ड्राइव्ह मरेपर्यंत काही कळत नाही, आणि मेल्यावर कळून उपयोग नाही.

ट्यूनिंगचं थोडक्यात सांगतो, त्यात फार जादू नाही. स्ट्राइप कॅशे (रेडचे राइट जुळवायची रॅममधली जागा) 256 वरून 8192 केला, चार ड्राइव्हला 128 एमबी रॅम गेली, सलग राइट सुधारले. ग्रुप थ्रेड काउंट मुळात शून्य असतो, म्हणजे राइटचं काम एकच थ्रेड ओढतो. तो 4 केला. 16 केल्यावर आमच्याकडं उलट मंदावलं, म्हणून एकेक पायरीनं वाढवा आणि दर पायरीला मोजा. बिटमॅप (कुठं लिहिणं चालू होतं याची नोंद, म्हणजे नंतर तेवढंच जुळवावं लागतं) काढून टाकू नका, सांगलीत लाइट जाते. त्याचा चंक, म्हणजे एका नोंदीत येणारा तुकडा, मोठा करा, बस.

पण छोट्या रँडम राइटला रेड फाइव्हमध्ये दोन वाचनं आणि दोन लिखाणं लागतात. हे गणित कुठल्याही सेटिंगनं बदलत नाही. आम्ही शेवटी एका रविवारी रेड टेनवर गेलो, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन ड्राइव्हवर, पॅरिटी नाही. 5.76 टीबीची जागा 3.84 वर आली, त्यावरून साहेब चिडले. रिकामी पेवं राहावीत म्हणून प्रत्येक ड्राइव्हवर थोडी जागा पार्टिशन न करता सोडली, त्यावरून अजून चिडले. बॅकअप वेगळ्या साटा हार्ड डिस्कवर नेला. यावेळी मोजायच्या आधी चारही ड्राइव्हचा स्मार्ट काढून युनिट जुळवले.

नवा आकडा बोर्डावरच्या जुन्याच्या निम्माही नव्हता. साहेबांनी विचारलं, मग सुधारलं काय? मी म्हटलं, चारला या. चार वाजता गाड्या लागल्या, बिलं निघत गेली, आणि आमच्याकडं कोणी बघितलंही नाही.