फेट्यानं पळवलेला फोकस

बेळगावजवळच्या येळ्ळूरला कुस्त्यांचे फोटो काढायला गेलो. चाळीसेक फोटोंत पैलवान धूसर, आणि पुढं बसलेल्या काकांचा फेटा मात्र लख्ख! लेन्सला शिव्या घालून झाल्या. चूक माझीच. फोकस एएफ-एसवर होता, म्हणजे बटण अर्धं दाबलं की अंतर तिथंच गोठतं. शिवाय फोकस कुठं धरायचा तो पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलेलं. त्याला बहुधा जवळची, उठावदार वस्तू आधी दिसते. फेटाच की!

एएफ-सी लावलं (कॅननवर एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो), म्हणजे फोकस हलत्या पैलवानाचा पाठलाग करत राहतो. एकच पॉइंट घेतला आणि तो पैलवान कमरेला कसतो त्या लांगेच्या काठावर धरला. तांबड्या मातीनं माखलेल्या पाठीवर फोकस चाचपडतो, लांगेची कड बरी. शटर १/८०० सेकंद. घिस्सा डाव मारला तेव्हा उडालेली माती कणाकणानं आली. बटण मात्र अर्धं दाबूनच ठेवायचं, सोडलं की पाठलाग थांबला.