कॅराव्हॅन प्रदर्शनाला पैसे मोजून जाताय? आधी या चुका टाळा

पवनेच्या काठावर तंबू लावणारे, मुळशीत चार कॉटेज चालवणारे, टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने देणारे आणि रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन भारत पालथा घालायचं ठरवलेले काका, या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून तीच जाहिरात येते. कॅराव्हॅन (म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी), कॅम्पिंग आणि पर्यटनाचं भव्य प्रदर्शन, नोंदणी शुल्क अमुक इतकं. मग घरात चर्चा सुरू: नुसतं बघायला पैसे कशाला द्यायचे?

माझं सरळ मत असं की तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा वसूल होतात, स्टॉलचे क्वचित होतात आणि परदेशवारीचे तर अगदी ठरावीक लोकांचेच होतात. पैसे बुडतात ते बहुधा खालच्या कारणांनी.

तिकिटावर घासाघीस, दिवसाचा हिशेब नाही

प्रवेश फुकट असला की हॉलमध्ये कापडी पिशव्या आणि कॅलेंडरं गोळा करणाऱ्यांची झुंबड उडते. स्टॉलवरचा माणूस तुम्हालाही त्यातलंच एक समजतो आणि माहितीपत्रक हातात कोंबून पुढच्याकडे वळतो. शुल्क असलं की गर्दी विरळ होते आणि कंपनीचा तांत्रिक माणूस दहा मिनिटं निवांत सापडतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला कॅराव्हॅन सलोन हे या क्षेत्रातलं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन भरतं. तिथे पहिला शुक्रवार व्यावसायिक आणि पत्रकारांसाठी असतो, त्याचं तिकीट जास्त महाग असतं आणि तरीही लोक ते घेतात. आपल्याकडेही व्यावसायिकांसाठी राखलेला दिवस असेल तर तोच पकडा. रविवारी दुपारी तर मुळीच जाऊ नका.

खरा खर्च तिकिटाचा नसतोच. मुंबईला बीकेसीत जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला पर्यटन व्यवसायाचं ओटीएम नावाचं प्रदर्शन भरतं. समजा पुण्याहून डेक्कन क्वीनने सकाळी ७.१५ ला निघालात. दादरला उतरून हॉलमध्ये शिरेपर्यंत अकरा वाजतात. परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५.१० ला सुटते, म्हणजे चारच्या आत बाहेर पडायला हवं. जेवण आणि नोंदणीची रांग वजा केली तर हातात जेमतेम चार तास उरतात. शंभर स्टॉल फिरायचा बेत तिथेच कोसळतो. आदल्या रात्री स्टॉलधारकांच्या यादीतून आठ नावं काढा आणि जमलं तर भेटीची वेळ फोनवर ठरवून घ्या.

जे पुण्यातच कळतं ते विचारायला प्रदर्शनात जाणं

पुणेकरांची ही खास चूक. गाड्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देणारी एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे. भारतात ज्या ट्रॅव्हलरवर सर्रास कॅराव्हॅन बांधल्या जातात त्या बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीला आहे. बॉडी बांधणारे, फायबरचं काम करणारे, सीट आणि वायरिंगवाले भोसरी-चाकणच्या पट्ट्यात मिळतात. बांधकामाचा दर्जा बघायचा असेल तर चकचकीत हॉलपेक्षा वर्कशॉपमध्ये अर्धी उघडी पडलेली गाडी जास्त बोलते. प्लायवुड कुठल्या जातीचं आहे, वायर कशातून ओढली आहे, टाकी कशावर टेकवली आहे, हे तिथे विनातिकीट दिसतं.

प्रदर्शनात जायचं ते तुलनेसाठी. चार बनवणाऱ्यांच्या चार गाड्या एकाच दुपारी, एकाच मापाने बघता येतात आणि पहिल्याने सांगितलेलं दुसऱ्याला विचारून ताडता येतं. ही सोय दुसरीकडे कुठे नाही.

हॉलमधल्या गारव्याला भुलणं

यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

मे महिन्यात घामाघूम होऊन तुम्ही गाडीत पाय ठेवता. आत एसी सुरू, मंद दिवे, गादीवर पांढरीशुभ्र चादर. बायको म्हणते, किती छान! आता खाली उतरा आणि गाडीला वळसा घाला. मागच्या चाकाजवळ एक जाड केबल गाडीतून निघून हॉलच्या प्लगमध्ये गेलेली दिसेल. तो एसी प्रदर्शनाच्या विजेवर चाललेला असतो. विक्रेत्याला नम्रपणे सांगा, “दादा, जरा ही केबल काढून दाखवता का?” त्याचा चेहरा बघूनच निम्मं उत्तर मिळतं.

उरलेलं निम्मं कागदावर काढता येतं. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज खातो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात अडीच युनिटच मावतात, त्यातलं थोडं इन्व्हर्टर गिळतो. म्हणजे एसी दोन तास चालेल, रात्रभर नाही. बॅटरी लेड-अ‍ॅसिडची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे तासाभरातच थांबावं लागेल. “टपावर सोलर आहे ना साहेब” हे उत्तर हमखास येतं. ८०० वॉटची पॅनल्स स्वच्छ उन्हात दिवसाला तीन-चार युनिट देतील, पण ती ऊन असताना. पावसात पानशेतला गाडी लावलीत तर ते गणित विसरा.

विजेनंतर पाणी. टाकी १०० लिटरची आहे, हे ऐकायला भरपूर वाटतं. आपल्याकडे अंघोळ बादलीच्या हिशेबाने होते. चार माणसांनी एकेक बादली घेतली की साठ-सत्तर लिटर गेले, भांडी अजून सिंकमध्येच आहेत. त्याहून अवघड प्रश्न सांडपाण्याचा. मैला साठणारी टाकी किती लिटरची आणि ती रिकामी कुठे करायची? हा प्रश्न विचारला की बरेच विक्रेते विषय बदलतात. तुम्ही बदलू देऊ नका.

टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून बसा. खरंच बसा, लाजू नका, लाखोंची खरेदी आहे. गुडघे दाराला टेकतात का ते बघा. पलंगावर आडवे व्हा. शेगडीच्या जागी इंडक्शन असेल तर एसी चालू असताना तो लावायला सांगा. दोन्हींचा भार एकदम पडला की किती इन्व्हर्टर मान टाकतात ते तिथेच कळेल. चप्पल काढून आत यायला सांगतात, त्याचा राग मानू नका, पण उतरल्यावर गाडीखाली वाकून मात्र बघाच.

कागद घरी गेल्यावर मागणं

व्हॅनिटी व्हॅन, कॅम्पर, टेम्पो होम असली हवी ती नावं गाडीवर रंगवता येतात. आरटीओला मात्र त्यांच्याशी घेणं नसतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. गाडी त्यानुसार मंजूर झाली आहे का, प्रमाणपत्र कुठल्या चाचणी संस्थेचं आहे आणि आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहून येणार, हे तीन प्रश्न स्टॉलवरच विचारा आणि प्रमाणपत्राचा फोटो मागा. “आमच्या आधीच्या ग्राहकांना काही अडचण आली नाही” हे प्रमाणपत्र नव्हे.

जुनी प्रवासी गाडी आणून द्या, आम्ही आतून कॅराव्हॅन करून देतो, असं म्हणणारेही प्रदर्शनात भेटतात. तिथे दुप्पट सावध राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मनाने बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर स्टॉलवरचा गोड माणूस फोन उचलेलच असं नाही.

भाड्याने द्यायची असेल तर आणखी एक. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय आहे. पर्यटन खात्याचा स्टॉल असेल तर आधी तिथे जा आणि अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी घेऊनच पुढे सरका.

ड्युसेलडॉर्फची हौस

ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला हे प्रदर्शन असतं, म्हणजे अनेकदा ऐन गणपतीत. घरचा गणपती सोडून निघण्याआधी हिशेब मांडा. शेंगेन व्हिसाचं शुल्कच ९० युरो, वर विमान, आणि प्रदर्शनाच्या दिवसांत चढलेले हॉटेलचे भाव. मुक्काम ड्युसेलडॉर्फऐवजी एसेन किंवा डुइसबुर्गला करून रेल्वेने ये-जा केली तर थोडी बचत होते.

तिथल्या गाड्या बघून तशीच गाडी इथे बांधायची, हे वेड डोक्यातून काढा. युरोपात रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळे मोटारहोमचं दार उजव्या अंगाला असतं. आपल्या रस्त्यावर ते धावत्या ट्रकांकडे उघडेल. दार डाव्या बाजूला असलेल्या रचना बघायच्या तर बर्मिंगहॅमचं प्रदर्शन आपल्या जवळचं. शिवाय ड्युसेलडॉर्फच्या गाड्यांमधली सगळी अक्कल बर्फात ऊब कशी टिकेल यावर खर्च झालेली असते आणि आपली लढाई नेमकी उलटी आहे.

ड्युसेलडॉर्फला जावं ते सुटे भाग घेणाऱ्यांनी. खिडक्या, टपावरचे व्हेंट, १२ व्होल्टचे पंप, कॅसेट टॉयलेट (ज्याची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते), हलकी फर्निचर-पॅनल्स यांचे बनवणारे एका छताखाली भेटतात. वर्षाला एखादी गाडी बांधणाऱ्याला हा खर्च झेपणार नाही. कस्टम ड्युटी भरून भाग आणायचे तर ऑर्डरही तेवढी लागते.

स्टॉल घेण्याची घाई

मोशीचं प्रदर्शन केंद्र असो वा चिंचवडचं ऑटो क्लस्टर, लहान व्यावसायिकाला पहिल्यांदा देऊ करतात तो तीन बाय तीनचा शेल स्कीम स्टॉल. त्यात पार्टिशन, एक टेबल, दोन खुर्च्या, वर नावाची पट्टी आणि एक प्लग मिळतो. पण तुमची गाडीच सात मीटरच्या आसपास लांब! ती ठेवायला मोकळी जागा घ्यावी लागते, म्हणजे भाडं कितीतरी पट. त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. जादा वीजजोडणी, गालिचा, रात्रीची राखण यांची बिलं वेगळी येतात. गाडी आत कधी घ्यायची, टाकीत डिझेल किती ठेवायचं, बॅटरीचं टर्मिनल काढायचं का, हे नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी गाडी फक्त आदल्या रात्री आत सोडतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांना केंद्राच्या योजनेतून जागेच्या भाड्याची काही भरपाई मिळू शकते, पण त्याची विचारपूस पैसे भरण्याआधी करायची असते.

तंबू-कॉटेजवाल्यांना वेगळंच सांगतो. तुमचा गिऱ्हाईक हिंजवडीतून शुक्रवारी संध्याकाळी निघतो आणि त्याने जागा मोबाईलवर शोधलेली असते. तो प्रदर्शनात येत नाही. प्रदर्शनात येतो टूर ऑपरेटर, आणि त्याला शनिवार-रविवारचा भाव नकोच असतो. तो विचारतो, सोमवार ते गुरुवारचा नेट रेट (कमिशन वगळून तुमच्या हातात पडणारा भाव) काय, ग्रुपमागे एक खोली फुकट देता का, पैसे किती दिवसांनी घेणार? ही तीन उत्तरं छापून तयार असतील तर व्यावसायिक प्रदर्शनाचं शुल्क भरा. नुसते तळ्याकाठच्या सूर्यास्ताचे फोटो असतील तर घरी बसा. पहिल्या वेळी तीन-चार कॅम्पवाल्यांनी मिळून एक स्टॉल घेणं चांगलं. मात्र आलेली चौकशी कोणाची, हे आधी कागदावर ठरवा, नाहीतर मैत्री संपते.

आणि ते व्हिजिटिंग कार्ड टाकायचं काचेचं भांडं ठेवूच नका. लकी ड्रॉसाठी दोनशे कार्डं पडतात, त्यातून कोणाला गाडी हवी होती ते कधीच कळत नाही. साधी वही ठेवा: नाव, काय हवंय, कधी हवंय. पुणेकर भाव विचारतो, मान हलवतो आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो. तो बहुधा खोटं बोलत नसतो, खरोखर घरी विचारतो. म्हणून फोन आठवड्याच्या आत करा. महिन्याने केलात तर त्याला तुमचं नावही आठवणार नाही.

‘फक्त आजच’चं टोकन

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सूट वाढते. आजच बुक केलं तर सोलर फ्री, ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) फ्री. टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर चासिसचं मॉडेल, बॅटरी आणि टाक्यांची मापं, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत, एवढं लिहून घ्या. स्टॉलवर पावतीपुस्तक नसेल, किंवा “ऑफिसला आल्यावर सगळं लिहून देतो” म्हणत असतील, तर ऑफिसचा पत्ता घ्या आणि टोकनही तिथेच जाऊन द्या. प्रदर्शन उठल्यानंतरच्या आठवड्यातही ती सूट बहुतेक वेळा मिळते, फक्त मागावी लागते.